मांडव्याची मर्यादा

४ एप्रिल २०१३, गुरुवारची संध्याकाळ. ठाण्याजवळच्या शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमधली अर्धवट इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. वनजमिनीवर, परवानगीशिवाय, काही महिन्यांत मजल्यावर मजले चढले होते. वर काम चालू असतानाच खाली बिऱ्हाडं आली होती. राहती इमारत पाडायला यंत्रणा कचरते, हा हिशेब. मेलेल्यांत मजूर होते, लहान मुलंही होती.

अशा वेळी ठरलेली वाक्यं ओठांवर येतात. मागच्या जन्मीचं काही असेल. त्याची मर्जी. पण धर्मग्रंथांनीच हा प्रश्न इतका स्वस्तात सोडवलेला नाही. आदिपर्वातल्या मांडव्य ऋषींना चोर समजून सुळावर चढवतात. ते यमधर्माला जाब विचारतात. उत्तर मिळतं, लहानपणी किड्यांना काडी टोचली होतीस. मांडव्य उलट न्यायाधीशालाच शाप देतात आणि मर्यादा घालतात : चौदा वर्षांपर्यंत कुणाला पाप लागणार नाही.

बायबलमधल्या ईयोबाची मुलं घर अंगावर पडूनच मरतात. मित्र त्याचं पाप उकरत बसतात. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेले अठरा जण इतरांहून पापी नव्हते, असं येशू बजावतो. कुराणात तर जिवंत पुरलेल्या मुलीलाच विचारलं जाणार आहे, तुला कुठल्या गुन्ह्यासाठी मारलं?

आधुनिक साहित्याने समजूत घालणंच सोडलं. दस्तयेवस्कीच्या ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’मधला (१८८०) इव्हान मुलांच्या अश्रूंवर उभी राहणारी सुसंगती नाकारतो. काम्यूच्या ‘प्लेग’मध्ये (१९४७) एक मूल तडफडून जातं आणि धर्मोपदेशक निरुत्तर होतो. नेमाड्यांच्या ‘कोसला’त (१९६३) धाकटी बहीण मनी जाते, नायक पांडुरंगाजवळ उरतो तो नुसता आकांत.

शीळफाट्यानंतर बिल्डर, पालिकेचे अधिकारी, पोलिस यांना अटक झाली. आता हे नाव वाहनांच्या कोंडीसाठी आणि बुलेट ट्रेनच्या बोगद्यासाठी घेतलं जातं. मांडव्यांची मर्यादा लावली, तर त्या मुलांच्या खात्यावर काहीच निघत नाही. म्हणजे हे पाप दुसऱ्याच कुणाच्या तरी नावे आहे. मांडव्यांना ठोठावायला यमाचं एक दार होतं. इथे दारं अनेक, आणि प्रत्येक दारातून बोट दाखवलं जातं ते शेजारच्या दाराकडे.