फिजिओथेरपीच्या मशीनचा करंट शॉक का देत नाही?

नागापूर एमआयडीसीत शिफ्टभर मशीनसमोर उभं राहून कंबर धरली, की अनेकांना कुणीतरी सांगतं, "करंट लावून घे." कंबरेला पॅड चिकटवतात, बटण फिरवलं की मुंग्या येतात. पण मनात प्रश्न येतोच: विजेचा धक्का जीव घेतो, मग तीच वीज दुखणं कसं कमी करते?

घरातला आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअर करंट गळला की वीज तोडतो. 'टेन्स' मशीनचा करंट क्षणभर त्याहूनही जास्त असू शकतो! तरीही शॉक का बसत नाही?

कारण करंट फक्त 'किती' यावर सगळं ठरत नाही. तीन गोष्टी पाहायच्या: किती जोराचा, एका वेळी किती काळ आणि सेकंदाला किती वेळा.

घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेत अखंड वाहते. टेन्सचा करंट मात्र ठोक्याठोक्यानं येतो. एक ठोका १०० मायक्रोसेकंदांचा आणि सेकंदाला १०० ठोके धरले, तर सेकंदाचा ९९ टक्के वेळ करंट बंदच असतो! शिवाय पॅड जवळजवळ लावल्यानं तो दुखऱ्या भागापुरताच राहतो.

इतका छोटा ठोका स्पर्शाच्या नसांना जागं करायला पुरतो. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलेल्या 'गेट कंट्रोल' सिद्धांतानुसार, स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात. लागल्यावर आपण ती जागा चोळतो, तसंच काहीसं.

'आयएफटी'त दोन करंट एकत्र येतात, समजा ४००० आणि ४१०० हर्ट्झचे. जास्त फ्रिक्वेन्सीला त्वचेचा अडथळा कमी होतो. दोन्ही मिसळले की त्यांच्या फरकाइतके, म्हणजे सेकंदाला १०० चढउतार तयार होतात. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाज हेलकावतो, तसंच.

म्हणूनच 'जास्त करंट, जास्त गुण' हा समज चुकीचा आहे. सोसेल तितकाच ठेवा. पेसमेकर असेल किंवा गरोदर असाल, तर आधीच सांगा. मधुमेहामुळे त्वचा बधिर असेल तर भाजलेलंही कळत नाही, तेही सांगा. ऑनलाइन मशीन मागवून छातीवर किंवा गळ्यावर पॅड लावू नका.

आणि हो, करंट दुखणं काही काळ दबवतो. कंबर मजबूत होते ती व्यायामानंच.