रात्रपाळीच्या घरांसाठी एक पहारेकरी

चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या भागात रात्र झाली म्हणजे सगळे झोपले असे होत नाही. सेकंड शिफ्ट सुटते, नाईट शिफ्टच्या बसगाड्या नाक्यावर येऊन थांबतात, आणि ज्या घरातला कर्ता माणूस बसमध्ये चढला त्या घरात बायको, मुले नि म्हातारी आई एवढीच मागे उरतात. दारापुढे हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल उभी असते. पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांत रात्री टोळक्याने येऊन गाड्या फोडल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. कंत्राटी कामगाराची गाडी फुटली की दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि कामाचा खाडा वेगळा. सोसायट्यांना वॉचमन असतो. चाळीच्या खोल्यांना कोण देणार?

घराच्या दारावर कॅमेरा ही कल्पना मुळात अशाच एका घरातून आली, हे आमच्या वाचक भगिनींना ठाऊक असावे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची कृष्णवर्णीय नर्स राहत असे. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा अवेळी. तिला अनेकदा एकटीने घरी राहावे लागे, आणि त्या वस्तीत पोलीस हाकेला लवकर येत नसत. नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार होता. दोघांनी मिळून दाराला निरनिराळ्या उंचीवर भोके पाडून त्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा बसवण्याची योजना आखली. बाहेर कोण आहे ते आतल्या पडद्यावर दिसावे आणि बटण दाबून दार उघडता यावे, अशी ती सोय होती. १९६६ साली त्यांनी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळाले.

आता अंधाराचे पाहू. तांबड्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे किरण असतात, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० साली थर्मामीटर लावून दाखवले. कॅमेऱ्यातल्या चिपला मात्र ते किरण दिसतात. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक मोबाईलवर त्याच्या टोकाचा दिवा लुकलुकताना दिसेल. मग साध्या कॅमेऱ्याला रात्री का दिसत नाही? कारण दिवसाचे रंग बिघडू नयेत म्हणून भिंगामागे हे किरण अडवणारी एक बारीक काच बसवलेली असते.

आमच्या भागात आयटीआय झालेली मुले घरोघरी आहेत. त्यांना हे काम सुटीच्या एका दिवसाचे. संगणकाचा जुना वेबकॅम घ्यावा, भिंगाचा भाग फिरवून काढावा आणि मागची गुलाबी-हिरवट झाक असलेली काच ब्लेडच्या टोकाने हलकेच काढून टाकावी. नंतर भिंग पुन्हा फिरवून चित्र स्पष्ट करून घ्यावे, कारण काच गेली की फोकस थोडा हलतो. असा कॅमेरा दिवसा झाडे गुलाबट दाखवतो, त्याला इलाज नाही. दुकानातल्या कॅमेऱ्यात ही काच संध्याकाळी आपोआप बाजूला सरकते. 'टिक्' असा आवाज येतो तो तिचाच.

आता दिवे. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी सुटे मिळतात. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर सहा एलईडी एकापुढे एक जोडावेत. प्रत्येकी सुमारे १.४ व्होल्ट धरले तर ८.४ व्होल्ट खर्च होतात, उरलेल्या ३.६ व्होल्टसाठी १८० ओहमचा रेझिस्टन्स घातला की २० मिलीअँपियर विद्युतप्रवाह वाहतो. अशा चार माळा, म्हणजे २४ दिवे, दारापुढच्या जागेला पुरतात. लांबची आशा धरू नये. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्सा राहतो. ९४० चे एलईडी अजिबात दिसत नाहीत, पण कॅमेऱ्यालाही त्यांचा उजेड कमी भासतो. ८५० चा मंद तांबडा ठिपका दिसतो, आणि पहारा आहे हे कळलेले आमच्या मते बरेच. हे दिवे अगदी जवळून न्याहाळू नयेत. उजेड दिसत नसल्याने डोळ्याची बाहुली आकसत नाही.

दिवे आणि कॅमेरा एकाच काचेमागे ठेवू नयेत, नाहीतर उजेड काचेवरून उलटून चित्र पांढरे पडते. गाडीची नंबरप्लेटही अशीच चमकून कोरी दिसते. रात्रीच्या चित्रात कपड्यांचे रंग ओळखू येत नाहीत, काळा शर्ट कधी कधी पांढरट दिसतो. तेव्हा कपड्याच्या रंगावरून कोणा पोराचे नाव घेण्याची घाई करू नये. वस्तीत एकदा नाव जोडले गेले की ते पुसायला वर्षे जातात.

याहून महत्त्वाचे म्हणजे तोंड कुठे वळवायचे. चाळीत समोरासमोर दारे असतात, मोरी उघड्यावर असते, उन्हाळ्यात बायामाणसे दारात झोपतात. कॅमेरा आपल्या उंबऱ्यावर आणि गाडीवरच हवा. स्त्रीचे खासगी क्षण तिच्या संमतीविना टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. बसवण्याआधी शेजारच्या वहिनींना बोलावून पडद्यावर काय दिसते ते दाखवावे, आणि त्यांनी नको म्हटलेला कोपरा चिकटपट्टीने झाकावा.

चित्रे साठवायला जुना संगणक चालतो. 'मोशन' हा फुकट मिळणारा प्रोग्राम हालचाल झाली तेवढेच जपून ठेवतो. दिव्यांभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि जाळे हलले तरी यंत्राला चोर वाटतो. म्हणून आठवड्यातून एकदा फडके फिरवावे. आणि संगणकाचे घड्याळ बरोबर लावावे, कारण पोलीस चौकीत पहिला प्रश्न किती वाजता, हाच असतो.