चार कोपऱ्यांतून वाजणारी तबकडी

समुद्रपुरात बसून क्वाड्राफोनिक तबकड्या शोधतो म्हटलं की लोक विचारतात, "हे काय असते गा?"

खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर, प्रत्येकाचा आवाज वेगळा. १९७०च्या दशकातलं हे खूळ. आपल्याकडे १९७५ साली मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ ७० एमएमवर स्टिरिओफोनिक आवाजात गाजत होता, तेव्हा तिकडे परदेशात ‘डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमची चार वाहिन्यांची तबकडी घरात वाजत होती.

ती एसक्यू पद्धतीची. यात चार आवाज दोन वाहिन्यांत गुंफलेले असतात. डिकोडर नसला तरी साध्या स्टिरिओवर गाणं ऐकू येतं. सीडी-४ पद्धतीची तबकडी मात्र नखरेल! (नावात सीडी, तबकडी विनाइलचीच.) तिच्या खाचेत ३० किलोहर्ट्झची, कानाला न ऐकू येणारी वाहक लहर असते. ती वाचायला शिबाटासारखी खास सुई लागते. साध्या सुईनं ती लहर झिजते, मग चार वाहिन्या नीट सुटत नाहीत, नुसती खरखर. म्हणून चकचकीत कव्हरला भुलू नका.

तबकडीसारखीच चार वाहिन्यांची टेपही असते, तिला क्यू-८ म्हणतात. ती डबीच्या वरच्या कोपऱ्यातल्या खाचेवरून ओळखू येते. आतल्या फोमचा भुगा झालेला असतो. आधी तो बदला, मगच वाजवा.

हिंगणघाट-वर्ध्याकडं कुणाच्या माळ्यावर असं काही असेल, तर भंगारात देण्याआधी मला सांगा.