डिझाइनची नोंदणी : माल विकण्याआधीचे काम

पाण्याची बाटली, दिव्याची शेड, कापडावरची नक्षी, स्कूटरचा बाह्याकार यांच्या दृश्य रूपावर निर्मात्याला कायदेशीर हक्क मिळू शकतो. भारतात हा हक्क डिझाइन अधिनियम, २००० देतो. ११ मे २००१ रोजी तो अमलात आला आणि १९११चा जुना कायदा रद्द झाला.

आकार, घडण, नक्षी, अलंकरण किंवा रेषा-रंगांची मांडणी औद्योगिक प्रक्रियेने वस्तूवर उतरलेली असावी आणि तयार वस्तूत तिची पारख डोळ्यांनीच होत असावी, अशी कायद्यातील डिझाइनची व्याख्या आहे. यंत्र चालते कसे, याचे संरक्षण पेटंटकडे मागायचे. ट्रेडमार्क आणि कलाकृतीही या व्याख्येबाहेर आहेत.

खरी अडचण येते ती नावीन्याच्या अटीत. डिझाइन जगात कुठेही आधी प्रसिद्ध झालेले असेल, तर नोंदणी मिळत नाही. निर्मात्याने स्वतः केलेली विक्रीही यात धरली जाते. लहान कारखानदार आधी माल बाजारात आणतो आणि खप वाढून नकला दिसू लागल्यावर नोंदणीकडे वळतो. तोवर हक्क हातचा गेलेला असतो. अधिसूचित प्रदर्शनात वस्तू मांडायची असल्यास डिझाइन नोंदवणाऱ्या नियंत्रकाला आधी सूचना देऊन सहा महिन्यांत अर्ज करण्याची सवलत आहे. ती फारच थोडे जण वापरतात, असे दिसते.

नावीन्य ठराविक वस्तूपुरते पाहिले जाते. भारत ग्लास ट्यूब विरुद्ध गोपाल ग्लास वर्क्स या खटल्यात काचेच्या तावांवरील नक्षी जर्मन बनावटीच्या रोलरने उमटवलेली होती. रोलर जुना असल्याने नक्षीही जुनीच, असा आक्षेप होता. पण ती याआधी काचेवर उतरल्याचा पुरावा नव्हता. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये नोंदणी कायम ठेवली. हा न्याय उचितच होता, कारण नोंदणी असते ती वस्तूवर उतरलेल्या नक्षीची.

अर्जांची छाननी कोलकात्याच्या पेटंट कार्यालयात होते; पेटंट, डिझाइन व ट्रेडमार्क महानियंत्रकांचे मुख्यालय मुंबईत आहे. संरक्षण १० वर्षांचे असून ते आणखी ५ वर्षे वाढवता येते. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलेच नाही, तर कॉपीराइटचाही आधार फार काळ टिकत नाही. औद्योगिक प्रक्रियेने ५०पेक्षा जास्त प्रती निघाल्या की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५नुसार तो हक्क संपतो.

नक्कल करणे हा फौजदारी गुन्हा नाही. हक्कदार प्रत्येक उल्लंघनासाठी २५,००० रुपयांपर्यंत, पण एका डिझाइनसाठी एकूण ५०,००० रुपयांपर्यंतच रक्कम वसूल करू शकतो; किंवा नुकसानभरपाई व मनाईहुकमासाठी जिल्हा न्यायालयात किंवा त्यावरच्या न्यायालयात दावा लावू शकतो. २०००मध्ये ठरलेली ही रक्कम आज साचा बनवण्याच्या खर्चापुढेही तोकडी आहे आणि ती वाढवायला हवी.