नातवाचं पिचिंग आणि आजोबांचा कोटा

एप्रिलमधल्या शनिवारी रात्री साडेदहाला नाहूर स्टेशनजवळच्या एखाद्या फ्लॅटमध्ये टीव्हीवरचं क्रिकेट बंद होतं आणि मोबाइलवर बेसबॉल सुरू होतो. न्यू जर्सीत तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो. दहावीतला नातू पिचिंग करतोय, त्याची आई जाळीच्या कुंपणाला फोन टेकवून उभी आहे. मुलुंड-भांडुप पट्ट्यात लेक-जावई अमेरिकेत असलेली घरं काही थोडी नाहीत. हायस्कूलची मॅच सात इनिंग्जचीच का, हे आजोबांना अजून कळलेलं नाही. पण पोरगा खेळतो म्हणजे कॉलेजची काळजी मिटली, हे त्यांच्या मनाशी पक्कं आहे. ‘तिकडेही स्पोर्ट्‌स कोटा असेलच की!’

नसतो. आजोबांचा हिशेब इथला आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, अकरावीच्या प्रवेशात खेळाडूंना राखीव जागा, पुढे सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण, आणि या साऱ्याची किल्ली म्हणजे प्रमाणपत्र. ते एकदा क्रीडा कार्यालयातून तपासून आलं की काम झालं. अमेरिकी कॉलेजचा कोच प्रमाणपत्रांची फाइल उघडतच नाही. त्याला पोराचा चेंडू ताशी किती मैलांनी जातो हे रडारगनवर बघायचं असतं. कॅचर असेल, तर चेंडू हातात आल्यापासून दुसऱ्या बेसपर्यंत पोचायला किती सेकंद लागतात ते मोजायचं असतं. दोन सेकंदांच्या आसपास म्हणजे चांगलं. जिल्ह्यात कितवा आला, याला तिथे फारसा भाव नाही.

दुसरा समज याहून महागात पडणारा: खेळ चांगला असेल तर मार्कांकडे कोण बघतं! बघतात, आणि नववीपासून बघतात. कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, खेळायचं तर इंग्रजी, गणित, विज्ञान अशा मुख्य विषयांचे १६ अभ्यासक्रम पूर्ण लागतात. त्यांतले १० तर बारावी सुरू होण्याआधीच. सरासरी ४ पैकी किमान २.३ हवी. हा झाला केवळ उंबरठा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कॉर्नेल ज्यात मोडतात त्या आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांत कोचने निवडलेल्या खेळाडूंचा शैक्षणिक निर्देशांक काढला जातो आणि तो बाकीच्या विद्यार्थ्यांच्या फार खाली जाऊ देत नाहीत. त्यामुळे उत्तम मार्कांचा पिचर कोचला दोन कारणांनी हवासा वाटतो. एक तर तो स्वतः प्रवेश कार्यालयात अडकत नाही. शिवाय त्याच्यामुळे संघाची सरासरी वर जाते आणि मार्कांत थोडा कमी पडणारा दुसरा एखादा खेळाडू कोचला घेता येतो. अभ्यासू पोराने खेळासाठी केमिस्ट्री सोडावी, असं सुचवणाऱ्या काकांना हे गणित कुणीतरी समजावायला हवं.

फुकट शिक्षणाचं काय? इथे तर कल्पना आणि वास्तव यांत मैलांचं अंतर आहे. अगदी परवापर्यंत डिव्हिजन वनच्या बेसबॉल संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. हा आकडा छापखान्याची चूक नव्हे. पावणेबारा शिष्यवृत्त्या तीसेक पोरांत वाटायच्या, म्हणजे कुणाला पाव, कुणाला निम्मी. २०२५-२६ पासून नियम बदलले. नवी व्यवस्था स्वीकारणाऱ्या कॉलेजांना संघ ३४ जणांचाच ठेवावा लागतो, पण शिष्यवृत्ती कितीही जणांना देता येते. देता येते म्हणजे देतातच असं नाही, कारण पैसे कॉलेजला स्वतःच उभे करावे लागतात. आयव्ही लीगने १९५४ च्या आपसातल्या करारापासून खेळासाठी शिष्यवृत्ती देणंच टाळलं आहे. मदत मिळते ती घरच्या उत्पन्नानुसार. डिव्हिजन थ्रीमध्येही खेळाची शिष्यवृत्ती नाही.

‘थ्री’ म्हटलं की इथल्या लोकांना तिसरा वर्ग आठवतो. पण एमआयटी, कॅलटेक, शिकागो विद्यापीठ, जॉन्स हॉपकिन्स यांचे बेसबॉल संघ याच श्रेणीत खेळतात. कॅलटेकचा संघ तर सलग २२८ सामने हरला होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांनी पॅसिफिकाच्या संघाला ९-७ असं हरवलं, तेव्हा कुठे ती माळ तुटली. एवढं हरूनही तिथली पोरं दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जात होती, संध्याकाळी मैदानावर येत होती. नाहूरच्या आजोबांना हे ऐकवलं, तर नातू डिव्हिजन थ्रीत गेल्याचं ते शेजाऱ्यांना जरा मोठ्या आवाजात सांगतील.

मुंबईत हल्ली या गप्पांत सौरभ नेत्रावळकरचं नाव हमखास निघतं: ‘तो नाही का खेळावर कॉर्नेलला गेला?’ गेला अभ्यासावर. भारताच्या १९ वर्षांखालच्या संघातून २०१० चा विश्वचषक खेळलेला हा डावखुरा गोलंदाज अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूटमधून इंजिनिअर झाला आणि मग कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी कॉर्नेलला गेला. एनसीएएच्या खेळांत क्रिकेट नाहीच, त्यामुळे त्याला क्रिकेटसाठी बोलावणारा कोच असण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेकडून खेळताना पाकिस्तानविरुद्ध डॅलसला त्याने टाकलेली ती सुपर ओव्हर आली जून २०२४ मध्ये, ऑरेकलमधली नोकरी सांभाळून. बेसबॉलपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची गोष्ट तर आणखी निराळी. ते २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून थेट पिट्सबर्ग पायरेट्सच्या करारावर पोचले. तो रस्ता व्यावसायिक क्लबचा, कॉलेजचा नव्हे.

फसगत सगळ्यांत जास्त होते ती पत्रांनी. नववीतल्या पोराच्या नावाने, विद्यापीठाच्या बोधचिन्हासह, ‘आमच्या कॅम्पसाठी तुला निमंत्रण’ असा ईमेल येतो. आई तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकते, नाहूरहून पेढ्यांचे इमोजी जातात. खाली बारीक अक्षरांत फी लिहिलेली असते, ती कुणी वाचत नाही. कॅम्प हा कॉलेजांचा उत्पन्नाचा मार्ग आहे आणि असा ईमेल शेकडो घरांत जातो. अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत डिव्हिजन वनच्या कोचला भरतीविषयी पोराशी व्यक्तिगत पत्रव्यवहार करण्याचीच मुभा नाही. मुलाने मात्र आधी लिहिलं तरी चालतं. त्या तारखेनंतरही कोचने तोंडी दिलेला शब्द कोणत्याच बाजूला बांधत नाही. शेवटचा निर्णय प्रवेश कार्यालयाचा.

म्हणून पोरं अकरावीआधीच्या उन्हाळ्यात स्वतः ईमेल लिहितात: उंची, वजन, चेंडूचा वेग, दोन मिनिटांचा व्हिडिओ, सामन्यांचं वेळापत्रक. अभ्यासाला मान असलेल्या कॉलेजांकडून उत्तर आलं, तर त्यात बरेचदा लवकरच एक मागणी येते: नववी-दहावीची मार्कशीट पाठव.