तबकडीचा सातबारा

वसईजवळच्या आमच्या गिरीजमध्ये जमिनीच्या सातबाऱ्याला जो मान आहे, तो अन्य कोणत्याही छापील कागदाला नाही. केळीची बाग असो वा पानवेलीचा मांडव, तो कोणाचा होता, कोणाकडून कोणाकडे आला आणि मध्यंतरी कोणाचे नाव गाळले गेले, याची सारी हकीकत ज्या कागदावर उतरलेली असते, तो कागद येथील वृद्ध मंडळी ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवतात. अशा गावात राहून जुन्या ध्वनिमुद्रिका जमविण्याच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्या माणसाला, तबकडीच्या मध्यावर चिकटविलेला तो तळहाताएवढा गोल कागद म्हणजे तिचा सातबाराच होय, असे वाटू लागले तर त्यात नवल नाही. मात्र हा सातबारा बहुधा अपुरा असतो. आणि दुर्मीळ तबकड्यांचा संग्रह करणे म्हणजे वरकरणी सूर गोळा करणे वाटले, तरी वस्तुतः ते गाळलेल्या नावांची दफ्तरी नोंद करण्याचे काम आहे.

नाव हरवेल ही धास्ती या धंद्याच्या जन्मापासूनची आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास आला आणि गौहरजानचे गाणे त्याने कर्ण्यातून मुद्रित करून घेतले, तेव्हा त्या मुद्रणाच्या प्रती जर्मनीतील हॅनोव्हरच्या कारखान्यात काढाव्या लागत. तेथील कारागिरांना हिंदुस्थानी गाण्याचा कान नव्हता आणि लिपीची ओळख नव्हती. म्हणून गाणे संपताच गायिका स्वतःच आपले नाव इंग्रजीत उच्चारी. पुढे १९०८ मध्ये सियालदह येथे व १९२८ मध्ये दमदम येथे कारखाने उभे राहिले, गोल कागदावर नावे सुबक छापली जाऊ लागली आणि तो उच्चार मागे पडला. पण तबलजी आणि सारंगीवाले यांना ना त्या उच्चारात स्थान होते, ना पुढे त्या कागदावर.

या जुन्या तबकड्यांच्या देहात आपल्याच मुलुखाचा अंश आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती जड काळी तबकडी लाखेची असे; छोटा नागपूरच्या रानांत पळसाच्या व कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ साठवितात, ती दगडाच्या बारीक भुकटीत आणि काजळीत मिसळून हा लगदा तयार होई. भुकटीने पोलादी सुई झिजे म्हणून दर बाजूस नवी सुई लावावी लागे, आणि दहा इंची तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने विनाइलची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. गवयाला आलापास व जॅझच्या वादकाला उत्स्फूर्त विस्तारास ऐसपैस जागा मिळाली ती तेव्हापासून.

आमच्या मुंबईस जॅझ मात्र त्यापूर्वीच पोहोचले होते. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पुढच्याच वर्षी क्रिकेट स्मिथच्या वृंदाने, बगदादी ज्यू घराण्यातील मेना सायलस यांनी रचलेली ‘ताजमहाल’ ही फॉक्सट्रॉट येथेच ध्वनिमुद्रित केली. या पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून वाजविणारे पुष्कळ वादक गोव्याचे होते, आणि चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले हेच हात पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत रुजू झाले. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हिएर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईत ट्रम्पेट फुंकीत असे, आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांचा तो सहाय्यक होता, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त तो वृंदासह पडद्यावरही झळकला. तरी त्या काळची चित्रपटगीताची तबकडी हाती घेऊन पाहावी : चित्रपटाचे नाव आहे, गायकाचे आहे, संगीत दिग्दर्शकाचे आहे, ट्रम्पेटवाल्याचा रकाना मात्र त्या कागदावर मुळी आखलेलाच नाही.

याच्या अगदी उलट तऱ्हा जमैकात. १९५० च्या दशकात किंग्स्टनच्या मोकळ्या आवारांत प्रचंड कर्णे लावून नाचाचे जलसे भरविणारे साउंड सिस्टिमवाले अमेरिकेहून तबकड्या आणवीत, आणि प्रतिस्पर्ध्याला ठावठिकाणा लागू नये म्हणून त्यांवरचा कागद मुद्दाम खरवडून टाकीत. कॉक्सन डॉडने विलिस जॅक्सनच्या सॅक्सोफोनची अशीच एक बेनामी तबकडी ‘कॉक्सन हॉप’ या नव्या नावाने गाजविली, आणि त्याचा प्रतिस्पर्धी ड्यूक रीड याने ती अखेर हुडकून काढली तेव्हा एकच गहजब उडाला, असे सांगतात. पुढे रेगेच्या भरात विद्युत उपकरणे दुरुस्त करणाऱ्या किंग टबीने मुद्रणातील गायकाचा आवाज वजा करून ढोल आणि बास यांनाच पुढे आणले, तेव्हा तबकडीच्या मागल्या बाजूस, क्षणभर का होईना, साथीदारांचे राज्य आले. जमैकात जन्मलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरिऑट आणि कलकत्त्याचा जॉन मेयर यांनी लंडनमध्ये घडविलेली ‘इंडो-जॅझ स्वीट’ १९६६ मध्ये निघाली, तीत तर हिंदुस्थान आणि जमैका या दोन्ही किनाऱ्यांची गाठच पडली.

कागद खोटा असो वा खरवडलेला, संग्राहकाची नजर त्याच्या कडेला जाते. शेवटची खाच संपते तेथपासून कागदापर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यात मूळ साच्याचा क्रमांक ठोकलेला किंवा हाताने कोरलेला असतो. तबकडी दिव्याखाली तिरपी धरून, भिंग लावून तो वाचावा लागतो. आमच्या पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी धरते आणि ती पुसावी लागते; पण येथे विवेक हवा, कारण लाखेच्या तबकडीस स्पिरिट लावले की लाख विरघळते आणि हाती उरतो तो चिकट डाग. तिला साधे पाणी पुरे; आणि वाळल्यावर ती उभीच ठेवावी, आडवी रचली की वाकलीच.

असल्या वाचनाला शिस्त लावण्याचे श्रेय सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेस दिले पाहिजे. १९९० साली सुरेश चांदवणकर आणि ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर यांच्या पुढाकाराने मुंबईत ती स्थापन झाली, आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचे नियतकालिक निघू लागले. किनियर यांनी सिद्ध केलेली ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची सूची १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने छापली. तबकड्यांच्या मुलुखाची ही पहिलीवहिली जमाबंदीच म्हणावी.

काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाउस’ हे तबकड्यांचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले. आता रविवारी सकाळी वसई रोडहून लोकल पकडून चोरबाजार गाठावा आणि दोन्ही हात काळे होईतो ढीग उपसावा, एवढाच राजमार्ग उरला आहे. मागे अशाच एका ढिगातून ‘अलबेला’ची लाखेची तबकडी हाती लागली. घरी आणून ती धुतली, वाळविली, आणि नव्या पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले : सहाय्यक – चिक चॉकलेट, हळदोणे. या फेरफारास तलाठ्याची सही नाही आणि शिक्काही नाही. परंतु उद्या माझ्या माघारी ही तबकडी ज्याच्या हाती जाईल, त्याला हरकत घ्यायची असेल तर निदान ती नोंद वाचूनच घ्यावी लागेल.