पत्ता बदलायचा की नाही?

पॉल एर्डॉश यांच्या नावावर सुमारे १५०० शोधनिबंध आहेत. घरदार नाही, बायकामुलं नाहीत. बॅग उचलायची, कुठल्यातरी गणितज्ञ मित्राच्या दारात उभं राहायचं आणि त्याच्यासोबत गणितं सोडवत बसायचं, असं या हंगेरियन माणसाचं आयुष्य गेलं. १९९५ मध्ये ते कॅलिफोर्नियात अँड्र्यू वाझोनी या मित्राकडे उतरले होते. दोघांची ओळख पोरवयातली, बुडापेस्टमधल्या वाझोनींच्या वडिलांच्या बुटांच्या दुकानातली. गप्पांच्या ओघात वाझोनींनी एक कोडं टाकलं आणि ऐंशी ओलांडलेले एर्डॉश तिथेच अडून बसले.

कोडं असं. तीन बंद दारं. एकामागे मोटार, दोहोंमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. मोटार कुठे आहे हे खेळ चालवणाऱ्याला ठाऊक असतं. तो उरलेल्या दोहोंपैकी बकरीचं दार उघडून दाखवतो आणि विचारतो, बदलायचंय? एर्डॉश यांचं म्हणणं, काय फरक पडतो? दोन दारं उरली, म्हणजे निम्मी निम्मी शक्यता. वाझोनी म्हणाले, बदलावं. त्यांनी आकृती काढून दाखवली, पटली नाही. शेवटी संगणकावर हाच खेळ पुन्हा पुन्हा खेळून दाखवला, तेव्हा कुठे एर्डॉश नमले. तेही कुरकुरतच, कारण असं होतं हे दिसलं तरी का होतं ते त्यांना कळत नव्हतं.

त्यांना सोबत मोठी होती. स्टीव्ह सेल्विन यांनी १९७५ मध्ये मांडलेलं हे कोडं १९९०च्या सप्टेंबरात मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांच्या ‘परेड’ साप्ताहिकातल्या सदरात आलं. बदलणं फायद्याचं, हे त्यांचं उत्तर बरोबर होतं. तरी सुमारे १०,००० पत्रं आली, त्यातली बहुतेक त्यांची चूक काढणारी. हजारेक पत्रांखाली तर पीएचडीधारकांच्या सह्या होत्या!

हे कोडं एकट्याने वाचण्यात काही राम नाही. समोर हुज्जत घालणारा मित्र हवा आणि हातात पत्ते. बदामाचा एक्का आणि दोन काळ्या दुर्र्या घ्या, पिसा, पालथ्या मांडा. मित्राने एका पत्त्यावर बोट ठेवायचं. तुम्ही उरलेले दोन पत्ते गुपचूप बघायचे आणि त्यातली दुर्री उलटवायची. तीस डाव खेळा. मित्र हट्टाने पहिल्याच पत्त्यावर राहिला तर त्याला दहाएक डाव मिळतील, प्रत्येक वेळी बदलत गेला तर वीसेक. कारण डावाच्या सुरुवातीलाच आहे: तीनात दोनदा त्याचं बोट दुर्रीवर पडतं, आणि तेव्हा तुमच्या हातात निवड उरतच नाही. दुसरी दुर्री उलटवायची आणि एक्का त्याच्यासाठी ठेवायचा.

आता खरी गंमत. पुढचे तीस डाव पत्ते न बघता खेळा. दोहोंतला कुठलाही पत्ता उलटवायचा. एक्का निघाला तर डाव बाद. दहाएक डाव असे फुकट जातील. उरलेल्या विसांत बदलणारा आणि न बदलणारा यांची जवळपास बरोबरी होईल. म्हणजे मित्राला दिसतं तेच: एक दुर्री उघडी, दोन पत्ते पालथे. पण उलटवणाऱ्याने आधी पत्ते बघितले की नाही, यावर उत्तर फिरतं. एर्डॉश यांचं निम्मं निम्मं अगदीच हवेतलं नव्हतं. ते या दुसऱ्या खेळाचं उत्तर आहे. अशा कोड्यांवरची निम्मी भांडणं ही दोन माणसं दोन वेगवेगळे खेळ खेळत असल्यामुळेच होतात, असं माझं मत आहे.

मार्टिन गार्डनर यांच्या १९५९च्या कोड्याचंही तेच. एका गृहस्थांना दोन अपत्यं, त्यातला निदान एक मुलगा. दोन्ही मुलगेच असण्याची शक्यता किती? गार्डनर यांनी आधी एक-तृतीयांश सांगितली, पुढे प्रश्नच मोघम असल्याचं कबूल केलं. निदान एक मुलगा असलेली घरं वेचून त्यातलं एक उचललं, तर एक-तृतीयांश बरोबर. पण ते गृहस्थ दोघांपैकी कुणालाही एकाला घेऊन फिरायला निघाले आणि तो मुलगा निघाला, तर निम्मी.